जेरुसलेम जिंकलं, पण राखायला माणसं कुठून आणणार?

प्रश्न असा आलाय की १०९९ ला क्रुसेडर लोकांनी, म्हणजे युरोपातून धर्मयुद्धाला निघालेल्या ख्रिश्चनांनी, जेरुसलेम घेतलं आणि ११८७ ला, म्हणजे ८८ वर्षांत, मुस्लिम सुलतान सलादीनने ते परत घेतलं, तर सलादीन एवढा भारी होता का, की ख्रिश्चन आपसात भांडले म्हणून हरले, आणि शेवटी या सगळ्यात जिंकलं कोण? मी बरीच वर्षं कॉलेजात मध्ययुगीन इतिहास शिकवतोय आणि दर बॅचला हे कोणीतरी विचारतंच, बहुतेक वेळा सिनेमा बघून आलेलं पोरगं असतं. उत्तर लांबणार आहे, आधीच सांगतो.

माझं मत पहिल्यांदा सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. सलादीन भारी होता, भांडणंही होती, पण दुखणं वेगळंच होतं. जेरुसलेमच्या राज्याकडे पहिल्या दिवसापासून माणसंच नव्हती. जिंकायला हजारोंनी यायचे, राहायला कोणी तयार नाही. त्या राज्याने पुढे जे जे केलं, किल्ले बांधले, साधूंना तलवारी दिल्या, मुस्लिम शेजाऱ्यांशी तह केले, इटालियन व्यापाऱ्यांना शहरंच्या शहरं वाटली, ते सगळं या एका तुटवड्यातून आलंय, आणि राज्य गेलं तेही त्यातूनच.

आता सुरुवातीपासून. १०९५ च्या नोव्हेंबरात फ्रान्समधल्या क्लेरमाँला पोप अर्बन दुसरा याने हाक दिली. त्याआधी कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट अलेक्सियस याने तुर्कांविरुद्ध मदत मागितली होती, त्याला हवे होते थोडे भाडोत्री घोडेस्वार, आणि आलं काय तर अख्खा लोंढा. पोपने दिलेलं आश्वासन नीट समजून घ्या कारण सगळी गोम तिथेच आहे. जो नवस बोलून, खांद्यावर कापडाचा क्रॉस शिवून जेरुसलेमला जाईल त्याची पापांची प्रायश्चित्तं माफ. म्हणजे ही एक हत्यारबंद तीर्थयात्रा होती. आणि यात्रेला गेलेला माणूस दर्शन झालं की काय करतो? घरी येतो. नवस फिटला, संपलं. तिथे जमीन घेऊन पोराबाळांसकट राहा असं त्या नवसात कुठेच नव्हतं.

(वाटेतच पहिला रक्तपात झाला तो मुसलमानांचा नव्हे, ज्यूंचा. १०९६ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर ऱ्हाईन नदीकाठच्या वर्म्स आणि माइन्झमध्ये क्रुसेडच्या नावाखाली निघालेल्या टोळ्यांनी ज्यू वस्त्या कापून काढल्या. शाळेच्या पुस्तकात हे सहसा नसतं म्हणून मुद्दाम लिहिलं.)

जिंकले कसे, हा पुढचा प्रश्न. शौर्य होतंच, पण टायमिंग असं जुळून आलं की ठरवूनही जुळलं नसतं. सेल्जुक तुर्कांचा वजीर निजामुल्मुल्क १०९२ मध्ये मारला गेला, त्याच वर्षी सुलतान मलिकशाह गेला, १०९४ मध्ये कैरोचा फातिमी खलिफा गेला आणि बगदादचा अब्बासी खलिफाही गेला. दोन वर्षांत सगळी वरची फळी साफ. अलेप्पोला रिदवान आणि दमास्कसला दुकाक, दोघे भाऊ आणि एकमेकांचे हाडवैरी. क्रुसेडर ऑक्टोबर १०९७ पासून जेरुसलेमच्या वाटेवरच्या अँटिऑक शहराला वेढा घालून उपाशी बसले होते, घोडे मरत होते, माणसं पळत होती, तेव्हा दुकाक एकटा आला आणि मार खाऊन गेला, मग दोनेक महिन्यांनी रिदवान एकटा आला आणि तोही मार खाऊन गेला. दोघे एकदम आले असते तर ही गोष्ट तिथेच संपली असती. शेवटी जून १०९८ मध्ये फिरूझ नावाचा बुरुजावरचा एक माणूस फितूर झाला, रात्री शिडी लागली आणि शहर पडलं.

आणि जेरुसलेम तेव्हा तुर्कांकडे नव्हतंच मुळी! कैरोच्या फातिमींनी तुर्क अडकलेत बघून १०९८ मध्ये ते स्वतः ताब्यात घेतलं होतं, आणि त्याच वर्षी फातिमींचे वकील अँटिऑकला क्रुसेडरांच्या छावणीत येऊन वाटाघाटी करून गेले होते. शिया फातिमींना सुन्नी तुर्कांचा काटा फ्रँक लोकांकडून (तिकडे या युरोपीय क्रुसेडरांना फ्रँक म्हणत) काढून हवा होता. म्हणून 'इकडे ख्रिश्चन, तिकडे मुस्लिम' अशा दोन सरळ रांगा मांडून बसलात तर पहिल्याच चढाईत गोंधळून जाल.

१५ जुलै १०९९ ला शहर पडलं. त्याआधी वेढ्याला लाकूड नव्हतं, तर जाफाला लागलेली जिनोआची जहाजं मोडून त्याच्या लाकडावर आणि सुतारांवर वेढ्याचे मनोरे उभे केले. मग कत्तल झाली, त्यात काही शंका नाही, मुसलमानही मारले गेले आणि ज्यूही. पण आकडे वाचताना जरा जपून. घोड्याच्या लगामापर्यंत रक्त वाहत होतं असं जे सगळीकडे फिरतं ते बायबलच्या शेवटच्या भागातलं वर्णन आहे, ते लिहिणाऱ्या पाद्र्याने उचलून तिथे बसवलंय. आणि ७०,००० मेल्याचा आकडा इब्न अल-अथीरसारखा शंभरेक वर्षांनी लिहिणारा इतिहासकार देतो, उलट त्या काळात त्या भागात राहून गेलेला इब्न अल-अरबी ३,००० म्हणतो. मी वर्गात दोन्ही आकडे फळ्यावर लिहितो आणि विचारतो, कोणाला फुगवायची गरज होती? तर दोघांनाही, ख्रिश्चनांना विजय मोठा दाखवायला आणि नंतरच्या मुस्लिम लेखकांना लोकांना जागं करायला.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ऑगस्ट १०९९ मध्ये अस्कलॉनला इजिप्तची फौज मोडली आणि बहुतेक सरदार निघाले घरी. नॉर्मंडीचा रॉबर्ट गेला, फ्लँडर्सचा रॉबर्ट गेला. जेरुसलेमवर धडकलेली फौज अंदाजे १२-१३ हजारांची होती, आणि पुढच्या वर्षी फुल्शर नावाचा पाद्री, जो स्वतः तिथे होता, तो लिहितो की राजाकडे जेमतेम ३०० नाईट (चिलखती घोडेस्वार) आणि तेवढेच पायदळ उरलंय. ३०० नाईट!! आणि त्यातून जेरुसलेम, जाफा, रामला सगळीकडे चौक्या ठेवायच्या. बरं, मदतीला ११०१ मध्ये मोठमोठ्या फौजा निघाल्या तर त्या तुर्कांनी अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातच, कापून काढल्या.

शहरात तर आणखी पंचाईत. जुनी वस्ती मारलेली किंवा हाकललेली, मुसलमान आणि ज्यूंना आत राहायला बंदी, आणि नवी वस्ती इतकी थोडी की नंतरचा इतिहासकार टायरचा विल्यम म्हणतो एक गल्ली भरेना. मग राजा बाल्डविन पहिला याने जॉर्डन नदीपलीकडून अरबी बोलणारे सीरियन ख्रिश्चन आणून रिकाम्या घरात बसवले. पुढे बाल्डविन दुसरा याने शहरात येणाऱ्या धान्यावरची जकात माफ केली, का तर निदान लोक खायला तरी येतील आणि टिकतील. ज्या शहरासाठी अर्धा युरोप रडत होता तिथे राहायला माणूस मिळेना, यावर विचार करा जरा.

बंदरं घ्यायची तर आरमार पाहिजे आणि ते राजाकडे नाही. मग जिनोआ, पिसा, व्हेनिसशी सौदे. ११०४ ला अक्का बंदर जिनोआच्या मदतीने, १११० ला सिडॉन, तिथे तर नॉर्वेचा राजा सिगुर्ड यात्रेला आलेला, त्यालाच कामाला लावलं. ११२४ ला टायर शहर व्हेनिसच्या मदतीने, आणि त्याची किंमत काय, तर शहराचा एक तृतीयांश हिस्सा, स्वतःचं कोर्ट, आणि व्यापारावरचे बहुतेक कर माफ. म्हणजे बंदर राजाचं आणि मलई व्हेनिसची. पण दुसरा इलाज नव्हता, समुद्राची वाट बंद झाली तर नवी माणसं येणार कुठून.

दुसरा इलाज म्हणजे टेम्पलर आणि हॉस्पिटलर. ११२० च्या आसपास काही नाईट एकत्र आले, यात्रेकरूंना वाटेवर संरक्षण द्यायचं म्हणून, आणि साधूसारखी व्रतं घेतली, तेच टेम्पलर. हॉस्पिटलर मूळचे आजारी यात्रेकरूंची सेवा करणारे, ते हळूहळू हत्यारं धरायला लागले. लोकांना यात गूढ खजिने आणि गुप्त संघटना दिसतात, मला त्यात एक साधी व्यवस्था दिसते. हे लोक घरी जात नाहीत! लग्न नाही, वारस नाही, शेती नाही, जन्मभर तिथेच. वर युरोपभर त्यांना लोकांनी दिलेल्या जमिनी, त्यांचं उत्पन्न दरवर्षी पूर्वेकडे येणार. कायमची पगारी फौज ठेवायला ज्याच्याकडे पैसा नाही त्या राज्याला याहून काय हवं. त्रिपोली या शेजारच्या क्रुसेडर राज्याच्या काउंटने ११४० च्या दशकात क्रॅक हा सरहद्दीवरचा किल्ला हॉस्पिटलरांना देऊन टाकला, कारण तिथली शिबंदी त्याला परवडेना. (टेम्पलर पंथ पोपने १३१२ ला बंद केला, पण पोर्तुगालमध्ये राजाने त्यांच्या मालमत्तेवर १३१९ ला ऑर्डर ऑफ ख्राइस्ट असा नवा पंथ उभा केला, आणि त्याचाच लाल क्रॉस शिडांवर मिरवत पोर्तुगीज जहाजं पुढे आपल्या किनाऱ्याला लागली. गोवेकरांना तो क्रॉस ओळखीचा असेल.)

किल्ल्यांबद्दल आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको, मोजक्या शिबंदीवर रामशेज काही वर्षं मोगलांना झुंजवतो हे आपण शाळेपासून ऐकतो. तेच गणित. थोड्या माणसांनी मोठा मुलूख धरायचा तर दगडात पैसा घाला. फक्त एक अट असते आणि ती लोक विसरतात, किल्ला वेळ काढून देतो, वेढा उठवायला बाहेरून फौज यावी लागते. ती फौजच संपली की किल्ला म्हणजे आत कोंडलेली माणसं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिसरा इलाज शेजाऱ्यांशी जमवून घेणं, आणि हा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. स्पेनहून आलेला मुस्लिम प्रवासी इब्न जुबैर ११८४ मध्ये दमास्कसहून अक्काला काफिल्याबरोबर निघाला, त्याच वेळी सलादीन फ्रँकांच्या करकच्या किल्ल्याला वेढा घालून बसलाय, आणि काफिले मात्र दोन्ही बाजूंनी ये-जा करतायत. तो नवल करतो की लढणारे लढतायत आणि व्यापारी व्यापार करतायत. वाटेत तिबनीनच्या पुढे मुस्लिम गावं लागली, सगळी फ्रँकांच्या राज्यातली. ती मंडळी पिकाचा अर्धा हिस्सा आणि डोईपट्टी एक दीनार पाच किरात देतात, थोडा फळझाडांवर कर, बाकी घरदार त्यांच्याच हातात, आणि इब्न जुबैर हळहळतो की पलीकडे मुस्लिम जमीनदारांच्या हाताखालचे यांचे भाऊबंद यांच्याकडे बघून असूया करतात. अक्काच्या जकात नाक्यावर ख्रिश्चन कारकून बसलेले, अरबी बोलणारे, अरबीतच लिहिणारे, समोर सोन्याने मढवलेल्या शिसवी दौती. हा माणूस फ्रँकांना पानोपानी शिव्या घालतो बरं का, त्यामुळे तो कौतुक करतो तेव्हा ते जास्त खरं वाटतं.

दुसरा गृहस्थ उसामा इब्न मुनकिध, सीरियातल्या शैझरचा सरदार. जेरुसलेमला गेला की तो टेम्पलरांच्या ताब्यातल्या अल-अक्सा मशिदीच्या शेजारी एका छोट्या जागेत नमाज पढायचा, टेम्पलर त्याला जागा मोकळी करून द्यायचे. एकदा एक फ्रँक धावत आला, याला धरून तोंड पूर्वेकडे फिरवलं, म्हणे असा प्रार्थना कर. टेम्पलरांनी त्याला बाजूला ओढलं, तो पुन्हा आला, पुन्हा तेच. शेवटी त्याला बाहेर काढून टेम्पलरांनी उसामाची माफी मागितली, की हा नुकताच तिकडून आलाय, कोणी पूर्वेकडे तोंड न करता प्रार्थना करताना याने बघितलंच नाही. उसामा गोष्टीवेल्हाळ आहे, तिखटमीठ लावतो, तरी जुने फ्रँक आणि नवे आलेले यांच्यातला फरक त्याने बरोबर पकडलाय.

आणि या नव्यांनीच जुन्यांचा वारंवार घात केला. ११४४ मध्ये मोसुलचा तुर्क सत्ताधीश झंगी याने क्रुसेडरांचं एडेसा शहर घेतलं, त्यावर दुसरं क्रुसेड निघालं, खुद्द फ्रान्सचा राजा आणि जर्मनीचा राजा. ११४८ च्या जुलैत या लोकांनी हल्ला कोणावर केला तर दमास्कसवर! दमास्कसचा कारभार बघणाऱ्या उनुरने झंगीला घाबरून जेरुसलेमशी मैत्री ठेवली होती, तह होता. चार-पाच दिवसांत वेढा उठला, राजे घरी गेले, आणि सहा वर्षांनी, ११५४ ला, दमास्कस झंगीचा मुलगा नुरुद्दीन याच्या पदरात पडलं. आता अलेप्पो आणि दमास्कस एकाच हातात.

मग इजिप्त. तिथल्या मोडकळीला आलेल्या फातिमी गादीवर जेरुसलेमचा राजा अमाल्रिक आणि नुरुद्दीन दोघांचा डोळा. नुरुद्दीनचा सरदार शिरकूह जिंकला आणि मेला, आणि ११६९ ला त्याचा पुतण्या वजीर झाला, तोच सलादीन, तिक्रितला जन्मलेला कुर्द. ११७१ ला फातिमी खिलाफत संपली. ११७४ ला नुरुद्दीन आणि अमाल्रिक दोघेही दोन महिन्यांच्या अंतराने गेले. पुढची बारा वर्षं सलादीन बहुतेक वेळ मुसलमानांशीच लढत होता, दमास्कस ११७४, अलेप्पो ११८३, मोसुलने मान तुकवली ११८६ ला. मध्ये हशाशिनांनी (लपून खून करण्यासाठी कुप्रसिद्ध एक शिया पंथ) त्याच्यावर दोनदा मारेकरी घातले. तेव्हा जिहादचा झेंडा त्याला जेवढा जेरुसलेमसाठी लागत होता तेवढाच आपल्याच लोकांपुढे स्वतःची चढाई योग्य ठरवायला लागत होता, असं माझं मत. ज्यांना तो संत वाटतो त्यांना हे रुचत नाही, चालायचंच.

आता ११८७ ची हत्तीनची लढाई. इथे जरा रेंगाळतो कारण सगळं प्रकरण या दोन दिवसांत दिसतं.

कुष्ठरोगी राजा बाल्डविन चौथा ११८५ ला गेला, त्याचा लहान भाचा पुढच्या वर्षी गेला, आणि गादीवर बहीण सिबिला आणि तिचा नवरा गी. करकचा फ्रँक सरदार शातियोंचा रेनॉ याने तह चालू असताना आपल्या हद्दीतून जाणारा मुस्लिम काफिला लुटला. त्रिपोलीच्या रेमंडचं गीशी वाकडं, त्याने परस्पर सलादीनशी तह केलेला, तो कसाबसा परत आला. ११८७ च्या मे-जूनमध्ये सलादीनने मोठी फौज जमवली, तीसेक हजारांची असं धरतात. गीने काय केलं, तर राज्यातला प्रत्येक हत्यार धरणारा माणूस बोलावला. राज्याच्या जमिनीवर मिळून हक्काचे नाईट साधारण ६७५, त्यात टेम्पलर, हॉस्पिटलर, त्रिपोलीची माणसं धरून झाले १,२००, आणि पायदळ वगैरे मिळून फौज वीसेक हजारांपर्यंत. इंग्लंडच्या राजाने टेम्पलरांकडे ठेवलेला पैसासुद्धा काढून त्यावर भाडोत्री घेतले. पण ही माणसं आली कुठून? किल्ल्यांमधून. शिबंद्या रिकाम्या करून. एवढी मोठी फौज त्या राज्याने क्वचितच उभी केली असेल, आणि ती उभी करताना मागे काहीच शिल्लक ठेवलं नाही.

फौज सफूरियाच्या झऱ्यांजवळ बसली होती, पाणी भरपूर. २ जुलैला सलादीनने तिबेरियास शहर घेतलं, आतल्या गढीत अडकली ती रेमंडचीच बायको. आणि तोच रेमंड सभेत म्हणाला, जाऊ नका, बायको गेली तर खंडणी देऊन सोडवीन, फौज गेली तर राज्य गेलं. ठरलं, जायचं नाही. रात्री टेम्पलरांचा प्रमुख जेरार्ड एकटा गीच्या तंबूत गेला आणि निर्णय फिरला. लोक इथे गीला मूर्ख म्हणून मोकळे होतात. पण चार वर्षांपूर्वी, ११८३ ला, याच भागात याच गीने मोठी फौज घेऊन सलादीनसमोर न लढता नुसतं बसून राहणं पसंत केलं होतं, सलादीन कंटाळून परत गेला, म्हणजे डाव जमला होता, आणि बक्षीस काय मिळालं, तर भित्रा म्हणून त्याचा कारभार काढून घेतला. तो दुसऱ्यांदा बसून राहील कसा?

३ जुलैला पहाटे निघाले. तिबेरियास २५-२६ किलोमीटर, जुलैचं ऊन, चिलखतं. वाटेत तुरानला एक झरा होता, पण तो एवढ्या फौजेला पुरणारा नव्हता, पुढे निघाले आणि सलादीनच्या तुकड्यांनी मागून तो झराच ताब्यात घेतला. दिवसभर घोड्यावरच्या तिरंदाजांनी पिछाडी पोखरली. संध्याकाळी मस्कानाच्या माळावर मुक्काम, पाण्याचा थेंब नाही. सलादीनच्या छावणीत मात्र उंटांवरून तळ्याचं पाणी येतंय, बाणांचे गठ्ठे वाटले जातायत. सकाळी वाऱ्याची दिशा बघून वाळलेलं गवत पेटवलं, धूर तहानलेल्यांच्या तोंडावर. पायदळ फुटलं आणि हत्तीनच्या जोडटेकडीवर चढून बसलं, खाली यायला तयार नाही. रेमंड आपले लोक घेऊन एका बाजूने निसटला.

सलादीनचा मुलगा अल-अफदल तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा, त्याची आठवण इब्न अल-अथीरने लिहून ठेवलीय. टेकडीवरून गीच्या स्वारांनी धडक मारली, मागे रेटले गेले, पोरगं ओरडलं हरवलं त्यांना! पुन्हा धडक आली, बापाचा चेहरा उतरलेला, दाढी मुठीत धरलेली. पुन्हा रेटले, पोरगं पुन्हा ओरडलं. सलादीन म्हणाला गप बस, तो तंबू पडेपर्यंत आपण जिंकलो नाही, आणि म्हणेपर्यंत राजाचा लाल तंबू आडवा झाला. बाप घोड्यावरून उतरला, जमिनीवर डोकं टेकलं आणि रडला. शेवटच्या क्षणापर्यंत सलादीनला खात्री नव्हती हे यातून कळतं.

पुढचं माहीत असेल, गीला बर्फाचं पाणी दिलं, त्याने प्यायला रेनॉकडे सरकवलं, सलादीन म्हणाला हे मी दिलेलं नाही, आणि रेनॉला स्वतः मारलं. दोनेकशे टेम्पलर-हॉस्पिटलरांची कत्तल झाली. का फक्त त्यांची? कारण बाकीचे खंडणी देऊन घरी जातील, हे पुन्हा लढायला येतील, सलादीनलाही व्यवस्था कळत होती. साध्या कैद्यांचा दमास्कसच्या बाजारात एवढा पूर आला की एक जण चपलांच्या जोडावर विकला गेल्याची नोंद आहे.

आता किल्ल्यांची अट आठवा. बाहेरून येणारी फौज उरली नव्हती आणि आत शिबंदी नव्हती. अक्का आठवड्याच्या आत, मग जाफा, सिडॉन, बैरूत, सप्टेंबरात अस्कलॉन. जेरुसलेमला बालियन नावाचा सरदार पोचला तर नाईट जवळपास नाहीतच, त्याने सरदारांच्या सोळा वर्षांवरच्या पोरांना नाईट करून भिंतीवर चढवलं. २ ऑक्टोबरला तह, पुरुषाला १० दीनार, बाईला ५, असा दर ठरवून लोक बाहेर पडले, ज्यांच्याकडे नव्हते ते हजारो गुलाम झाले. १०९९ सारखी कत्तल झाली नाही हे सलादीनचं मोठेपण मान्यच, पण बालियनने आतल्या मुस्लिम कैद्यांना मारून पवित्र जागा पाडायची धमकी दिली होती हेही सांगायला हवं.

तिसरं क्रुसेड, इंग्लंडचा राजा रिचर्ड आणि सलादीन, यावर एवढं लिहिलं गेलंय की मी एकच गोष्ट उचलतो. रिचर्डने जुलै ११९१ ला अक्का परत घेतलं (आणि ऑगस्टमध्ये २,७०० च्या आसपास कैदी थंडपणे कापले), अर्सूफला लढाई जिंकली, आणि जेरुसलेमपासून वीसेक किलोमीटरवर बेत नुबाला दोनदा जाऊन दोन्ही वेळा परत फिरला. का? टेम्पलर, हॉस्पिटलर आणि तिथले स्थानिक सरदार त्याला म्हणाले, समजा घेतलं, मग राखणार कोण? हे यात्रेकरू दर्शन घेतील, नवस फेडतील आणि पहिल्या जहाजाने जातील. ९० वर्षांचा अनुभव बोलत होता. सप्टेंबर ११९२ च्या तहात किनारपट्टी ख्रिश्चनांकडे, जेरुसलेम सलादीनकडे, यात्रेकरूंना वाट मोकळी. सहा महिन्यांत सलादीन गेला.

त्याचीही तीच रड होती हं. अक्काच्या वेढ्यात दोन वर्षं सिंजार, मोसुल बाजूचे सरदार हिवाळा आला की घरी जाऊ द्या म्हणून मागे लागायचे, कारण त्यांचा खर्च जहागिरीच्या पिकावर चालायचा, सुगीला तिथे नको का. दोन्हीकडे माणसं घराकडे डोळे लावून लढत होती.

पुढचं शतक पटकन उरकतो. चौथ्या क्रुसेडने व्हेनिसला ३३,५०० माणसांसाठी जहाजांची ऑर्डर दिली, ८५,००० मार्कांत, आले जेमतेम एक तृतीयांश, पैसे भरता येईनात, आणि ते कर्ज फेडता फेडता १२०४ ला ख्रिश्चनांचंच कॉन्स्टँटिनोपल लुटून बसले. पाचव्यात इजिप्तच्या सुलतानाने यांनी घेतलेल्या दमिएत्ता बंदराच्या बदल्यात जेरुसलेम देऊ केलं, यांनी नाही म्हटलं आणि नाईलच्या पुरात अडकले. १२२९ ला पोपने बहिष्कृत केलेला सम्राट फ्रेडरिक दुसरा याने एकही लढाई न करता वाटाघाटीने जेरुसलेम मिळवलं, आणि अक्काच्या लोकांनी त्याला निरोप देताना खाटिकांच्या गल्लीत आतडी फेकून मारली. तसं त्यांचंही खरं होतं म्हणा, तट पाडलेलं शहर आणि राखायला फौज नाही, ते १२४४ ला गेलंच, यावेळी मध्य आशियातून आलेल्या ख्वारझमी टोळ्यांच्या हाती.

मग जिंकलं कोण, तर मामलूक. इजिप्तमध्ये गवताळ प्रदेशातून विकत आणलेली किपचाक तुर्क पोरं, लहानपणापासून घोडा आणि धनुष्यावर वाढवलेली, मुसलमान केलेली, बराकीत राहणारी. त्यांना सुगीला कुठे जायचं नव्हतं, लढणं हीच नोकरी. १२५० मध्ये मन्सुरा आणि त्यानंतरच्या मोहिमेत फ्रान्सच्या राजाचं क्रुसेड बुडवण्यात हेच पुढे होते, १२६० ला ऐन जालूतला मंगोलांना अडवलं तेही यांनीच, आणि त्यांच्यातला बैबर्स सुलतान झाल्यावर दरवर्षी एक-दोन किल्ले, १२६८ ला अँटिऑक, १२७१ ला क्रॅक. सलादीनला जे जमलं नाही, वर्षानुवर्षं न थकता वेढे घालत राहणं, ते या कायमच्या फौजेला जमलं.

अक्काचा शेवट तर परत नव्या पाहुण्यांनीच ओढवला. १२९० ला उत्तर इटलीतून क्रुसेडला म्हणून आलेल्या लोकांनी, तह चालू असताना, शहरात आलेले मुस्लिम शेतकरी आणि व्यापारी मारले. मामलूक सुलतानाला कारण मिळालं. १८ मे १२९१ ला त्याचा मुलगा, सुलतान अल-अशरफ खलील, याने अक्का घेतलं. टायर, सिडॉन, बैरूत त्याच उन्हाळ्यात गेली. किनाऱ्यावर टेम्पलरांचा अथलीतचा किल्ला होता, तो आजवर कोणालाच वेढा घालून घेता आला नव्हता, तोही १४ ऑगस्टला त्यांनी न लढता सोडला, कारण आत लढायला पुरेशी माणसं नव्हती.